पाथ गेला की दोन मिनिटं सगळं ठप्प: आय-स्कझीचे टाइमआउट आणि एरर रिकव्हरी जागेवर आणताना

लक्षण असं असतं. दोन कंट्रोलरचं स्टोरेज, सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, मध्ये दोन वेगळे स्विच, लिनक्सवर ओपन-आयस्कझी (आय-स्कझी म्हणजे डिस्कच्या स्कझी कमांड नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत) आणि त्याच्या वर डीएम-मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते (पाथ) एकत्र सांभाळणारा थर. कागदावर एक पाथ गेला तरी दुसऱ्यावरून काम चालू राहायला हवं. प्रत्यक्षात एका बाजूचा स्विच रीबूट झाला, किंवा फर्मवेअरसाठी एक कंट्रोलर खाली घेतला, की डेटाबेस दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ गोठतो. मग एकदम सगळं सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं. अॅप्लिकेशनवाले तिकीट टाकतात, स्टोरेजवाले म्हणतात ‘आमच्याकडे फेलओव्हर काही सेकंदांत झाला’, नेटवर्कवाले पोर्टचे काउंटर दाखवतात, आणि ‘पुन्हा झाल्यास पाहू’ असं लिहून तिकीट बंद होतं. पुढच्या मेंटेनन्सला पुन्हा तेच. कधी याहून वाईट: डिस्क ऑफलाइन पडते आणि लिंक परत आली तरी उठत नाही, किंवा एक्स्ट4 रीड-ओन्ली होऊन बसते.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखीच टाइप करायची.)

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/टाइमआउट या फाइलीकडे जातो. तिथे 30 असतं, म्हणजे त्या पाथवरच्या डिस्कला (इथे एसडीसी) दिलेल्या एका कमांडच्या उत्तराची इतके सेकंद वाट पाहायची. कोणी ते 10 करतं. कोणी व्हीएमवेअर टूल्स गेस्टमध्ये 180 ठेवतात हे पाहून इथेही 180 करतं. दोन्हींनी काही फरक पडत नाही, कारण पाथ तुटल्यानंतरच्या त्या दोन मिनिटांशी या 30चा संबंधच नाही. आजार रेड्याला, औषध पखालीला.

संबंध का नाही ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. कमांडचे 30 सेकंद संपले की स्कझी मिडलेयर (कर्नलमधला, सगळ्या स्कझी ड्रायव्हरांचा सामाईक थर) लगेच अबॉर्ट करायला, म्हणजे ती कमांड रद्द करायला, धावत नाही. आधी तो ट्रान्सपोर्टला, म्हणजे कमांड वाहून नेणाऱ्या थराला, विचारतो, ‘याचं काय करू?’ आय-स्कझीत हे उत्तर लिबआयस्कझी (कर्नलमधला आय-स्कझीचा सामाईक कोड) देतं, आणि ते बऱ्यापैकी समंजस आहे. सेशन, म्हणजे सर्व्हरची स्टोरेजशी असलेली जोडणी, लॉग-इन अवस्थेत नसेल तर ते सांगतं, घड्याळ पुन्हा सुरू कर. या कमांडचा काही डेटा मधल्या वेळात हलला असेल, तरी पुन्हा सुरू कर. कनेक्शन जिवंत आहे का हे पाहायला पाठवलेल्या पिंगचं उत्तर यायचं असेल, तरीही तेच. शिवाय सेशन पडलं की चालू कमांड ‘डीआयडी_ट्रान्सपोर्ट_डिसरप्टेड’ या निकालासह परत येतात आणि डिव्हाइसची अवस्था ‘ब्लॉक्ड’ होते. त्यांना पुन्हा पाठवायचं तर रांग उघडण्याची वाट बघणं आलं. म्हणजे लिंक तुटलेली असताना त्या 30 सेकंदांच्या घड्याळाला कोणी विचारतच नाही.

मग वेळ जातो कुठे?

तीन आकडे आहेत, तिन्ही आयस्कझीडी.कॉन्फमध्ये (आयस्कझीडी ही सेशन सांभाळणारी सर्व्हिस). नूप_आउट_इंटरव्हल, म्हणजे समोरून इतके सेकंद काहीच आलं नाही तर इनिशिएटर (सर्व्हरची बाजू) एक नॉप-आउट पाठवतो, वर म्हटलेलं पिंग तेच. नूप_आउट_टाइमआउट, म्हणजे त्याच्या उत्तराची किती वाट पाहायची. दोन्ही डिफॉल्ट 5. उत्तर आलं नाही की कनेक्शन तुटलं असं ठरतं आणि तिसरा आकडा सुरू होतो: रिप्लेसमेंट_टाइमआउट, डिफॉल्ट 120. या काळात आयस्कझीडी पुन्हा लॉग-इन करायचा प्रयत्न करत राहतो आणि सगळा आय-ओ अडवून ठेवलेला असतो. 5 अधिक 5 अधिक 120, म्हणजे जास्तीत जास्त 130 सेकंद. तिकिटातली ‘दोन मिनिटांहून थोडं जास्त’ ही वेळ इथून येते.

नॉप नसते तर काय झालं असतं, तेही पाहून ठेवा. स्विचच्या पलीकडची केबल निघाली तर सर्व्हरच्या कार्डावर लिंक-डाउन दिसतच नाही. हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहतो. तेव्हा टीसीपी आपल्या परीने फेरपाठवणी करत बसतो, आणि लिनक्सच्या डिफॉल्ट 15 फेऱ्यांचा हिशोब कर्नलच्या कागदपत्रात 924.6 सेकंद दिला आहे. सव्वापंधरा मिनिटांहून जास्त. म्हणून ‘लॉगमध्ये पिंगचा फार गोंधळ दिसतो’ म्हणून नॉप बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर मल्टिपाथच्या मशीनवर तो ऐकू नका.

लॉगमध्ये हे साधारण असं दिसतं:

14:02:11 कनेक्शन2:0: पिंग टाइमआउट, 5 सेकंद संपले
14:02:11 कनेक्शन2:0: डिटेक्टेड कॉन एरर (1022)
14:04:12 सेशन2: सेशन रिकव्हरी टाइम्ड आउट, 120 सेकंदांनंतर
14:04:12 डिव्हाइस-मॅपर: मल्टिपाथ: फेलिंग पाथ 8:32

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमधलं अंतर मोजा. ते 120 च्या आसपास असेल तर तुमचा रोग हाच. 8:32 म्हणजे एसडीसी, मेजर-मायनर नंबर. कंसातला आकडाही बघा, लोक तो वाचत नाहीत आणि अर्धं निदान तिथेच असतं. 1022 म्हणजे नॉपला उत्तर आलं नाही. जुन्या कर्नलवर याच प्रसंगी 1011 दिसतो, म्हणजे नुसतं ‘कनेक्शन गेलं’. 1020 म्हणजे समोरच्यानं टीसीपी बंद केलं, म्हणजे बहुधा स्टोरेजनंच सोडलं. आणि 1021 म्हणजे आपल्याच एरर हँडलरनं सेशन पाडलं. तिथे नेटवर्कवाल्यांशी भांडायला जायचं नाही. त्यावर खाली येतो.

120 हा आकडा चुकीचा नाही, तो दुसऱ्या मांडणीसाठी आहे. एकच पाथ असेल तर खालून आलेली एरर थेट फाइलसिस्टिमवर आदळते, म्हणून ट्रान्सपोर्टनं जमेल तितकं धरून ठेवावं हे बरोबर. मल्टिपाथ आला की परिस्थिती उलटते. आता वर एक थर असा आहे ज्याच्याकडे दुसरा रस्ता आहे, पण खालच्यानं ‘माझ्याकडून होत नाही’ म्हटल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. खालच्यानं लवकर हात वर करायचे आणि धरून ठेवायचं काम वरच्यावर सोडायचं, हा क्रम. मी पाहिलेल्या बहुतेक टाइमआउटच्या तक्रारींत एखादा आकडा मोठा किंवा लहान असणं हे कारण नव्हतंच. दोन थर एकाच वेळी धरून बसले होते, किंवा दोघांनी एकाच वेळी सोडून दिलं होतं.

तेव्हा मल्टिपाथच्या मशीनवर रिप्लेसमेंट_टाइमआउट 5 ते 15 च्या टप्प्यात आणा. शून्य दिलं तर एरर लगेच वर जाते, आणि स्विचवर अर्ध्या सेकंदाची उचकी लागली तरी पाथ पडतो. ऋण आकडा दिला तर आय-ओ अनंतकाळ अडकून राहतो. दोन्ही टोकं टाळा.

आकडा बदलला, फरक पडला नाही

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात. /ईटीसी/आयस्कझी/आयस्कझीडी.कॉन्फ ही फाइल फक्त नव्यानं शोधल्या जाणाऱ्या टार्गेटसाठी (स्टोरेजच्या बाजूसाठी) साचा आहे. डिस्कव्हरी झाली त्या दिवशी त्यातले आकडे नोड रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या टार्गेटच्या साठवलेल्या नोंदीत, उतरतात आणि तिथेच राहतात. आज कॉन्फमध्ये 10 लिहून सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तरी जुन्या टार्गेटला 120 च लागू. रेकॉर्ड बदलायला ‘आयस्कझीअॅडम -एम नोड -ओ अपडेट’ लागतं, -एन ला पॅरामीटरचं पूर्ण नाव (नोड.सेशन.टाइमओ.रिप्लेसमेंट_टाइमआउट) आणि -व्ही ला नवा आकडा. मग लॉग-आउट, लॉग-इन. एका वेळी एकच पाथ, आणि दुसरा ‘अॅक्टिव्ह रेडी’ आहे हे मल्टिपाथ -एलएल मध्ये पाहिल्यावरच.

पण थांबा, याच्या उलट प्रकारही आहे. कॉन्फमध्ये 120, नोड रेकॉर्डमध्ये 120, आणि चालू सेशनमध्ये 5. हे मल्टिपाथडीचं (मल्टिपाथ चालवणाऱ्या सर्व्हिसचं) काम. त्याच्याकडे फास्ट_आयओ_फेल_टीएमओ नावाचं पॅरामीटर आहे, डिफॉल्ट 5. नाव फायबर चॅनलचं (स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कचं) वाटतं, पण आय-स्कझीच्या पाथवर तो हाच आकडा सेशनच्या रिकव्हरी_टीएमओमध्ये लिहितो. आणि अलीकडच्या कर्नलमध्ये एकदा सिसएफएसमधून (/सिसखालच्या फाइलींतून) तो लिहिला गेला की आयस्कझीडीचा आकडा त्याला बदलू शकत नाही. म्हणून कॉन्फ फाइली वाचत बसू नका. खरं काय ते एकाच ठिकाणी कळतं: /सिस/क्लास/आयस्कझी_सेशन/सेशन2/रिकव्हरी_टीएमओ. एक ‘कॅट’ मारा, तोच आकडा खरा.

इथे पुरता गोंधळ होऊ शकेल असा आणखी एक प्रकार. मल्टिपाथ चालू आहे, तरी रिकव्हरी_टीएमओ 120 दिसतोय. तेव्हा एलएसबीएलके काढा आणि माउंट पॉइंट एमपाथच्या (मल्टिपाथनं बनवलेल्या एकत्रित डिस्कच्या) खाली आहे का थेट एसडीसीच्या खाली, ते बघा. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहिलेला असतो, बूटच्या वेळी मल्टिपाथनं डिस्क ताब्यात घेण्याआधी एलव्हीएम किंवा माउंट तिच्यावर जाऊन बसतं, आणि पुढे महिनोन् महिने डेटाबेस एकाच पाथवर चालतो. मल्टिपाथ -एलएल बाकीच्या लनसाठी (लन म्हणजे स्टोरेजनं दिलेली एकेक डिस्क) सगळं छान दाखवत असतो, त्यामुळे शंका येत नाही. अशा ठिकाणी टाइमआउटशी खेळून काही होणार नाही. एलव्हीएमचा फिल्टर आणि इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम) दुरुस्त करा.

तशीच एक नेटवर्कची बाजू. दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये असतील तर लिनक्स दोन्ही सेशनची पाकिटं एकाच कार्डावरून बाहेर सोडू शकतो. दोन सेशन, एक केबल. ती केबल गेली की दोन्ही पाथ एकदम जातात आणि लोक मल्टिपाथला दोष देतात. वेगळे सबनेट ठेवा, नाहीतर आयफेस बांधून द्या, म्हणजे कोणतं सेशन कोणत्या कार्डावरून जायचं ते ठरवून द्या.

लॉग-इन होतं, पिंग चालतं, डेटा मात्र अडतो

या प्रकाराला मी वेगळी जागा देतोय, कारण वरवर तो टाइमआउटचाच बिघाड दिसतो आणि टाइमआउट वाढवून तो आणखी चिघळतो. लक्षण: सेशन पडतं, काही सेकंदांत परत येतं, मल्टिपाथ पाथला ‘रीइन्स्टेटेड’ म्हणतो, आय-ओ सुरू होतो, पुन्हा पडतं. दिवसभर हेच. रात्री बॅकअप सुरू झाला की जास्त.

कारण बहुधा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी बाइटमध्ये. सर्व्हर आणि स्टोरेज दोघांकडे 9000, पण मधल्या एका स्विच पोर्टवर कोणीतरी 1500 सोडलेलं. लॉग-इनचे संदेश छोटे, ते जातात. मल्टिपाथचा पाथ चेकर टेस्ट युनिट रेडी (‘तयार आहेस का?’ एवढंच विचारणारी कमांड) पाठवतो. त्यात डेटाच नसतो, तोही जातो. मग खरा आय-ओ येतो, मोठी पाकिटं स्विचवर गळतात, टीसीपी फेरपाठवणी करत राहतो, आणि त्याच कनेक्शनवर मागे अडकलेल्या नॉपला वेळेत उत्तर मिळत नाही. 1022. सेशन पडतं, पुन्हा लॉग-इन, चेकर म्हणतो पाथ चांगला आहे.

तपासणी एका ओळीची: पिंग -एम डू -एस 8972, समोर टार्गेटचा आयपी. 9000 मधून आयपीचे 20 आणि आयसीएमपीचे 8 बाइट गेले की 8972 उरतात, आणि ‘-एम डू’ म्हणजे पाकीट फोडायचं नाही. साधं पिंग चालतंय आणि हे चालत नाही, तर स्विचवाल्यांना बोलवा. प्रत्येक पाथवर स्वतंत्रपणे करा, -आय देऊन; एका कार्डावरून चाललं म्हणजे दुसऱ्यावरून चालेलच असं नाही.

30 सेकंदांचं घड्याळ खरंच कामाला येतं तेव्हा

सेशन जिवंत आहे, नॉपला उत्तर येतंय, पण एखाद्या कमांडचं उत्तर येत नाही. स्टोरेजचा नेटवर्ककडचा भाग शाबूत आणि आतला भाग कशात तरी गुंतलेला असतो: एखादी मोठी स्नॅपशॉट, रीबिल्ड, कंट्रोलरची अदलाबदल. आता लिबआयस्कझीकडे घड्याळ पुन्हा सुरू करायचं कारण उरत नाही आणि खरी एरर रिकव्हरी सुरू होते.

पहिली पायरी अबॉर्ट टास्क. त्यासाठी अबॉर्ट_टाइमआउट 15 सेकंद. स्टोरेजनं ‘नाही जमत’ असं उत्तर दिलं तर पुढे लन रिसेट, मग टार्गेट रिसेट. पण उत्तरच आलं नाही तर लिबआयस्कझी पुढच्या पायऱ्या चढत बसत नाही, सेशनच पाडतं. तोच तो 1021. म्हणजे 30 अधिक 15, पंचेचाळिसाव्या सेकंदाच्या आसपास 1021 दिसला तर नेटवर्क निर्दोष आहे. प्रश्न स्टोरेजच्या पोटात आहे.

अबॉर्टनं भागलं नाही आणि पूर्ण एरर हँडलर जागा झाला की दोन गोष्टी होतात. एक, त्या होस्टवर (इथे होस्ट म्हणजे सर्व्हर नव्हे, मिडलेयरला दिसणारं कार्ड) नवीन कमांड जाणं थांबतं. दोन, हँडलर लगेच कामाला लागत नाही. त्या होस्टवरची प्रत्येक चालू कमांड एकतर पूर्ण व्हावी लागते किंवा तिचाही वेळ संपावा लागतो. सॉफ्टवेअर आय-स्कझीत प्रत्येक सेशनचा स्वतःचा होस्ट असतो, त्यामुळे झळ एका पाथपुरती राहते. फायबर चॅनलमध्ये होस्ट म्हणजे कार्डाचा अख्खा पोर्ट. तिथे एका आजारी लनमुळे त्या पोर्टवरचे सगळे लन थांबतात. आणि त्याच पोर्टवर टेप ड्राइव्ह असेल तर विचारूच नका: टेपचा डिफॉल्ट टाइमआउट 900 सेकंद, लांब कामांसाठीचा 14000. डिस्क आणि टेप एका पोर्टवर ठेवू नयेत असं जुने लोक सांगतात, त्यामागचं एक कारण हे.

रिकव्हरी संपल्यावर मिडलेयर टेस्ट युनिट रेडी पाठवून बघतो. तरीही उत्तर नाही, तर ‘डिव्हाइस ऑफलाइन्ड – नॉट रेडी आफ्टर एरर रिकव्हरी’. इथे /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/स्टेट वाचा. ‘ट्रान्सपोर्ट-ऑफलाइन’ असेल तर चिंता नाही, सेशन परत आलं की ते आपोआप ‘रनिंग’ होतं. नुसतं ‘ऑफलाइन’ असेल तर एरर हँडलरनं डिस्क टाकून दिली आहे आणि ती तशीच राहणार. स्टोरेज ठीक आहे याची खात्री करून त्या फाइलीत ‘रनिंग’ लिहा. ऑफलाइनच्या काळात त्यावर थेट फाइलसिस्टिम बसलेली असेल तर आधी अनमाउंट आणि एफएससीके. घाईनं रीमाउंट करू नका.

आता 30 चं काय करायचं? माझं मत: हात लावू नका, फक्त एक अपवाद. स्टोरेजच्या उत्पादकानं अदलाबदलीला 30 पेक्षा जास्त वेळ लागतो असं लेखी दिलं असेल तर 60 करा, युडेव्हच्या (डिव्हाइस दिसताच लागू होणाऱ्या) नियमातून, म्हणजे रीबूटनंतर टिकेल. 10 करण्यात धोका आहे: बॅकअपच्या भारात ज्या कमांडला बारा सेकंद लागले असते तिच्यावर अबॉर्ट जातो, अबॉर्ट हाताळण्यात स्टोरेज आणखी मागे पडतं, आणखी अबॉर्ट. उलट टोकाला, डिस्क ड्रायव्हर एका कमांडला पाच वेळा पुन्हा प्रयत्नाची मुभा देतो. 30 सेकंदांच्या हिशोबानं एकूण मर्यादा 180 होते. टाइमआउट 180 केलात तर ती मर्यादा अठरा मिनिटांवर जाते.

फायबर चॅनलवाल्यांसाठी थोडक्यात: रिप्लेसमेंट_टाइमआउटच्या जागी तिथे फास्ट_आयओ_फेल_टीएमओ आणि डेव्ह_लॉस_टीएमओ. पहिला लहान (5 ठीक), दुसरा मोठा. दुसरा संपला की टार्गेटची डिव्हाइसंच काढून टाकली जातात, आणि लॉगमध्ये ‘रिमूव्हिंग टार्गेट अँड सेव्हिंग बाइंडिंग’ येतं. हँडलर फार रेंगाळत असेल तर होस्टची ईएच_डेडलाइन लावता येते. डिफॉल्ट बंद असते. मुदत संपली की मधल्या पायऱ्या सोडून थेट होस्ट रिसेट. सॉफ्टवेअर आय-स्कझीत होस्ट रिसेट नावाची पायरीच नाही, तिथे ती लावू नका.

ड्रायव्हर स्वतः लिहीत किंवा सांभाळत असाल तर

वरचं सगळं ड्रायव्हर नीट वागतो असं धरून आहे. कर्नलबाहेरचे, उत्पादकाकडून येणारे किंवा घरीच लिहिलेले ड्रायव्हर नेहमी तसे वागत नाहीत, आणि बिघाड ठरावीक जागीच सापडतात.

सगळ्यात नेहमीचा: लिंक खाली असताना अबॉर्ट हँडलर झटकन ‘फेल्ड’ परत करतो. लिहिणाऱ्याला वाटतं, लिंकच नाही तर अबॉर्ट पाठवणार कुठे? पण मिडलेयर ‘फेल्ड’चा अर्थ ‘पुढची पायरी चढ’ असा घेतो. लन रिसेट, फेल्ड. टार्गेट रिसेट, फेल्ड. होस्ट रिसेट, फेल्ड. चार-पाच सेकंदांत डिस्क ऑफलाइन, आणि दहाव्या सेकंदाला लिंक परत येते. ‘डिस्क उठतच नाही’ या तक्रारीचा उगम बऱ्याचदा इथे असतो. बरोबर रीत अशी की हँडलरनं आधी ट्रान्सपोर्टचा निर्णय होईपर्यंत थांबावं. त्यासाठी एफसी_ब्लॉक_स्कझी_ईएच आणि आयस्कझी_ब्लॉक_स्कझी_ईएच ही तयार फंक्शन आहेत. लिंक आली तर पुढे चालू, नाही आली तर ‘फास्ट_आयओ_फेल’ परत करा, म्हणजे पायऱ्या चढणं तिथेच थांबतं. एरर हँडलर स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतो, त्यामुळे तिथे थांबायला हरकत नाही. ईएच_टाइम्ड_आउटमध्ये (वेळ संपल्यावर मिडलेयर विचारतो ते फंक्शन) मात्र थांबू नका, तिथे निर्णय देऊन बाहेर पडायचं.

दुसरा बिघाड याहून घातक आणि दिसत नाही. अबॉर्ट हँडलर ‘सक्सेस’ देतो, पण कार्डाच्या हातात ती कमांड अजून असते. मिडलेयर बफर मोकळा करतो, तो दुसऱ्या कामाला जातो, आणि वरातीमागून घोडं यावं तसा जुना डेटा डीएमएनं (कार्डानं थेट मेमरीत लिहून) त्या जागी येऊन पडतो. कुठलीही एरर नाही, फक्त डेटा खराब. ‘सक्सेस’ या शब्दाचा करार स्पष्ट आहे: यापुढे हार्डवेअर या कमांडच्या मेमरीला हात लावणार नाही. ते सांगता येत नसेल तर ‘फेल्ड’ द्या आणि रिसेट होऊ द्या. हळू पण सुरक्षित.

याच्या जवळचाच तिसरा: उत्तर येणं आणि वेळ संपणं एकाच क्षणी. मिडलेयर आपल्या बाजूनं एक बिट ठेवून ठरवतो की कमांड पूर्ण झाली म्हणायची की वेळ संपला. जो आधी तो बिट लावेल त्याचं खरं. ड्रायव्हरनं स्वतःचा प्रति-कमांड हिशोबही तसाच ठेवायला हवा. टाइमर काढताना, तो चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारी आवृत्ती वापरा, पण टाइमरच्या फंक्शनला लागणारं लॉक हातात धरून नाही. नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत राहतात, आणि लॉगमध्ये ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन 120 सेकंद्स’ आल्यावर लोक ते स्टोरेजच्या माथी मारतात.

निकालाचा कोडही विचार करून द्या. लिंक तात्पुरती गेली असेल तर ‘डीआयडी_ट्रान्सपोर्ट_डिसरप्टेड’. ‘डीआयडी_नो_कनेक्ट’ म्हणजे ‘तिथे कोणी नाही’, त्यावर पुन्हा प्रयत्न होत नाही, एरर सरळ वर जाते. एकपाथी मशीनवर एवढ्या फरकामुळे फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते.

पडताळणी

‘आयपी लिंक सेट डाउन’ करून चाचणी घेऊ नका. त्यात कार्डाला लगेच कळतं आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा छान दिसतो. खरा बिघाड मुका असतो, म्हणून आयपीटेबल्समध्ये एका टार्गेट आयपीसाठी पोर्ट 3260 चं आउटपुट ‘ड्रॉप’ करा. ‘रिजेक्ट’ नव्हे. दुसऱ्या खिडकीत डायरेक्ट आय-ओनं (कॅश वगळून) एमपाथवर छोटे राइट वेळेच्या शिक्क्यासह चालू ठेवा. 5, 5, 5 अशी मांडणी असेल तर खंड पंधरा सेकंदांच्या आत हवा. नियम काढल्यावर सेशन परत यायला हवं आणि मल्टिपाथच्या पुढच्या फेरीत पाथ जागेवर. मल्टिपाथडी तपासणीचं अंतर पाच सेकंदांपासून सुरू करून पाथ ठीक राहिला तर वीसपर्यंत वाढवतो, तेवढं धरून चाला.

अबॉर्टचा रस्ता तपासायला हे पुरत नाही, कारण तिथे सेशन जिवंत हवं. मिडलेयरचं वागणं पाहायला स्कझी_डीबग मॉड्यूल घ्या; ऑप्ट्स=4 आणि एव्हरी_एनथ=100 दिलं की दर शंभरावी कमांड तो गिळून टाकतो. /प्रॉक/सिस/डेव्ह/स्कझी/लॉगिंग_लेव्हलमध्ये 3 लिहा म्हणजे रिकव्हरीची प्रत्येक पायरी लॉगमध्ये दिसते. लॉग मात्र दुसऱ्या मशीनवर पाठवा. ज्या डिस्कची रिकव्हरी चालू आहे तिच्यावरच लॉग लिहायला गेलात तर हवा तोच भाग गायब होतो.

सगळेच पाथ गेले तर

खालच्यांनी लवकर हात वर करायला लागल्यावर हा प्रश्न मोठा होतो. कंट्रोलरच्या अदलाबदलीत काही सेकंद एकही पाथ नसणं अगदी शक्य आहे. तिथे धरून ठेवायचं काम मल्टिपाथच्या नो_पाथ_रिट्रायचं. ‘फेल’ असेल तर त्या काही सेकंदांतच फाइलसिस्टिम बळी जाते. ‘क्यू’ असेल तर स्टोरेज परत आलंच नाही की प्रक्रिया डी अवस्थेत (मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत) अडकतात, अनमाउंट होत नाही, रीबूटही लटकतो. मग ‘मल्टिपाथडी डिसेबलक्यूइंग मॅप’ देऊन सोडवावं लागतं. मी आकडा देतो: 12 दिलं आणि पोलिंग_इंटरव्हल 5 असेल तर मिनिटभर. स्टोरेजची सगळ्यात लांब अदलाबदल किती चालते ते मोजून त्याच्या वर ठेवा. आणि फीचर्सच्या ओळीत जुनं ‘क्यू_इफ_नो_पाथ’ कोणी सोडलेलं नाही ना तेही बघा. ते राहिलं तर दोन सूचना एकमेकांच्या विरुद्ध जातात. शेवटी मल्टिपाथडी शो कॉन्फिग काढून त्या लनसाठी प्रत्यक्ष कोणता आकडा लागू आहे तो वाचा, कारण उत्पादकनिहाय तयार नोंदी डिफॉल्टवर मात करतात.

ज्या मशीनची रूट फाइलसिस्टिमच एका पाथच्या आय-स्कझीवर आहे तिथे यातलं काहीही लावू नका. तिथे नॉपचे दोन्ही आकडे 0 आणि रिप्लेसमेंट_टाइमआउट 86400. रूटवर एरर गेली तर आयस्कझीडीलाही स्वतःची फाइल वाचता येणार नाही, त्यामुळे लिंक परत आली तरी लॉग-इन करायला कोणी उरणार नाही. रूट मल्टिपाथवर असेल तर गोष्ट वेगळी: नॉप चालू, रिप्लेसमेंट लहान, आणि नो_पाथ_रिट्राय फक्त त्या एका मॅपसाठी ‘क्यू’.